ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात

इथे मेलबर्नमध्ये आपल्या मराठी मंडळींचा घर घेतल्यानंतरचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. आधी वास्तुशांत, मग पडदे, मग मागच्या अंगणात काँक्रीट. गवत कापायचा कंटाळा येतो, चिखल नको असतो, उन्हाळ्यात संध्याकाळी चार खुर्च्या टाकून बसायला जागा हवी असते. यात गैर काहीच नाही. माझा आक्षेप आहे तो फक्त शेवटच्या वीतभर काँक्रीटला, जे घराच्या भिंतीला जाऊन चिकटतं.

इथल्या विटांच्या घराची भिंत एकदा खाली वाकून बघा. तळाच्या थरात मधूनमधून दोन विटांमधल्या उभ्या सांध्यात सिमेंट भरलेलंच नसतं. करंगळीएवढी फट असते. गवंड्याचा आळस वाटतो, पण या फटी नियमाने ठेवलेल्या असतात आणि दोन फटींमधलं अंतर १२०० मिलीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. यांना वीप होल म्हणतात. आपल्याकडे घाटातल्या संरक्षक भिंतींना भोकं असतात आणि पावसाळ्यात त्यांतून धारा लागतात ना, तीच ही जात.

मग पुण्याच्या घराला ही का नसतात? कारण तिथली भिंत एकसंध असते. इथली बहुतेक घरं ब्रिक व्हिनियरची. छप्पर उभं असतं आतल्या लाकडी सांगाड्यावर, आणि वीट म्हणजे बाहेरून चढवलेला अंगरखा. दोन्हींच्या मध्ये दोनेक बोटं पोकळी. वीट पाणी पिते, सांधेही पितात. वाऱ्याबरोबर आलेला पाऊस विटेच्या मागच्या अंगाने खाली उतरतो, तळाला बसवलेल्या पट्टीवर, म्हणजे फ्लॅशिंगवर पडतो आणि या फटींतून बाहेर जातो. थोडक्यात, पाणी आत येणारच हे धरूनच घर बांधलेलं असतं. मोरी बुजवली तर न्हाणीघराचं काय होईल ते कुणाला सांगावं लागत नाही. इथेही तोच प्रकार, फक्त भिंतीच्या आत, नजरेआड.

आणि नजरेआड असणं हाच खरा घोटाळा आहे. काँक्रीट या फटींच्या वर चढलं की आतलं पाणी अडतं, शिवाय अंगणातलं पाणी उलट आत शिरायला वाट मिळते. सांगाड्याची तळाची लाकडी पट्टी भिजत राहते. घरात कुबट वास, फुगलेली स्कर्टिंग, बुरशी हे सगळं दिसायला कधीकधी काही वर्षं जातात. तोवर काँक्रीट घालणारा कुठे आणि आपण कुठे!

वाळवीचं तर विचारूच नका. स्लॅबवर बांधलेल्या घरात स्लॅबची ७५ मिलीमीटर कड उघडी ठेवायची इथे रीत आहे. वाळवीला वर चढायचं तर त्या कडेवरून मातीची नळी करावी लागते, आणि ती तपासणाऱ्याला दिसते. कड काँक्रीटने झाकली की तिला आडोसा मिळतो.

तर आता ज्यावरून हे सगळं लिहायला घेतलं ते. एका मित्राच्या आई सहा महिन्यांसाठी सांगलीहून येणार आहेत. काकूंचे गुडघे दुखतात, मागच्या दाराची पायरी त्यांना जमत नाही. ठेकेदाराने सुचवलं, सगळं अंगणच दाराच्या पातळीला आणू, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी वीप होलचं काढलं तर मित्र म्हणाला, "अरे, आईच्या गुडघ्यांपुढे चार भोकांचं काय घेऊन बसलास?"

प्रश्न रास्त आहे. म्हातारं माणूस पायरीवर पडणं हे कुजलेल्या लाकडापेक्षा केव्हाही वाईट. पण काकूंना दार एकच ओलांडायचंय, त्यासाठी सगळी भिंत पुरायची गरज नाही. दारापुढे सुटा रॅम्प ठेवता येतो, भिंतीला न टेकणारा. किंवा फळ्यांमध्ये फटी सोडलेला छोटा लाकडी डेक, ज्यातून पाणी खाली जाईल. पक्कंच हवं असेल तर फक्त दाराच्या रुंदीएवढं उंच करा आणि उंबऱ्यालगत जाळीची पन्हळ ठेवा. बाकीचं काँक्रीट खालीच राहू दे. काकूंची सोय तेवढीच होते.

ठेकेदाराचा दुसरा तोडगा असतो, "वरच्या थरात नवी भोकं पाडून देतो." त्याला भुलू नका. पाणी जमतं तळाच्या फ्लॅशिंगवर, वर भोक पाडून ते खालून वर कसं येणार? ज्यांच्याकडे काँक्रीट आधीच चढलंय त्यांनी भिंतीलगतचा पट्टा कापून काढून पाण्याला बाहेर जायला वाट करावी. खर्च आहे, पण सांगाडा बदलण्यापेक्षा कमी. आणि उंदीर, कोळी येतात म्हणून सिलिकॉनने फटी बुजवणाऱ्यांनी त्याऐवजी बारीक स्टीलची जाळी बसवावी. पाणी जातं, उंदीर जात नाही.

काम निघालं असेल तर कोटेशनवर दोनच गोष्टी लिहून घ्या. काँक्रीटची वरची पातळी वीप होलच्या निदान ७५ मिलीमीटर खाली, आणि उतार भिंतीकडून बाहेर, पहिल्या मीटरला २५ मिलीमीटर तरी, जमलं तर ५०. तोंडी "नो वरीज" वर जाऊ नका.

मित्र अजून विचार करतोय. बाकी कुणाचा पॅटिओ तयार झाला की चहाला जरूर बोलवा. मी आधी वाकून भिंतीचा पाय बघेन, तेवढं चालवून घ्या.