डबाबंद शाळा स्वस्त का पडते?

मार्च उजाडला की खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात हमखास येते. रंगीत डबा, त्यावर स्कार्फ बांधलेली हसरी कार्टून-मुलगी आणि खाली मजकूर: इंग्रजी, गणित, विज्ञान, अरबी, दुआ, हस्तकला, सगळे एकाच पॅकेजमध्ये. वय ३ ते ८. शाळेच्या फीपुढे अगदीच किरकोळ किंमत. दुसऱ्या भावंडाला सवलत. त्याखाली कुणी खाला लिहिते, 'माशाअल्लाह, लिंक भेजो', आणि मग अंगठ्यांची रांग लागते.

माझे म्हणणे सरळ आहे. हा डबा घेऊ नका. तो महाग आहे, फक्त त्याची खरी किंमत जाहिरातीत छापलेली नसते.

डबा मागवणारे आईबाप अडाणी नाहीत, हे आधीच सांगतो. बहुतेक आपल्यासारखेच, पंचवीस-पस्तिशीचे, शिकलेले, हप्ते भरणारे. इंग्रजी माध्यमाची फी, वर डोनेशन, वर व्हॅनचे पैसे. मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. पोराचे नाव ऐकून वर्गात कुणीतरी मारलेला 'पाकिस्तान'चा टोमणा, आणि बाईंनी तो हसण्यावारी नेणे. २०२२ मध्ये कर्नाटकात स्कार्फवरून मुलींना कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे केले, ते सोलापूर-सांगलीतल्या आयांनी मोबाइलवर पाहिलेले आहे. या भीतीला वेडगळ म्हणण्याचा मला काय अधिकार? पण रोग खरा आहे म्हणून दारावर आलेल्या वैदूची पुडी खरी ठरत नाही. जाहिरातीत 'इमानची हिफाजत' हे शब्द अभ्यासक्रमाच्या तपशिलाआधी आले, की समजावे, विकली जाणारी वस्तू वेगळीच आहे.

तर किंमत. मी ज्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे तिथे एक साधी रीत असते. कुणी एखादी प्रणाली फुकट देऊ केली तरी ती चालवायला माणसे किती लागतील आणि त्यांचा पगार किती, हे आधी मांडायचे. डब्याच्या बाबतीत ही माणसे म्हणजे एकच बाई, मुलाची अम्मी. पॅकेजवाले म्हणतात, रोज फक्त दोन तास. आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर ४०० तास होतात. शिकवणीचा दर तासाला १०० रुपये धरा, मुद्दाम कमीच धरतोय. झाले ४०,००० रुपये. हा खर्च डब्याच्या किमतीत नाही, कारण तो अम्मीने फुकट करायचा आहे हे सगळ्यांनी गृहीत धरले आहे.

शिवाय हे दोन तास म्हणजे शिकवण्याचेच. आदल्या रात्री धडा वाचणे, प्रिंट काढून आणणे, कात्रणे कापणे, वही तपासणे, मध्येच उठलेल्या धाकट्याला कडेवर घेणे, हे वेगळेच. मार्गदर्शिका इंग्रजीत, अम्मीचे शिक्षण उर्दू किंवा मराठी माध्यमातले. म्हणजे प्रत्येक ओळीचे मनातल्या मनात भाषांतर करत ती शिकवणार, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येणार, 'भात टाकला का?' अब्बू रात्री नऊला येणार आणि 'आज क्या सीखे?' एवढे विचारून जेवायला बसणार. (जाहिरातीतल्या चित्रांत अब्बू शिकवताना कधी दिसतात का, बघा एकदा.) डी.एड., बी.एड. झालेल्या, टीईटीची तयारी करणाऱ्या किती मुली आपल्या घरांत आहेत! त्यांना आपण सांगतो, बाहेर शिकवण्यापेक्षा घरातच शिकव, सवाब मिळेल. सवाब मिळो, पण पगार बुडाला त्याचा हिशेब कोण ठेवणार? आणि अम्मी थकली की पुढची पाळी थोरल्या बहिणीची. दहा-अकरा वर्षांची आपा धाकट्यांना घेऊन बसते. तिचा स्वतःचा अभ्यास कोणत्या डब्यात असतो?

डब्यातल्या मालाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. असे दोन डबे मी उघडून पाहिले. 'सीझन्स'च्या पानावर बर्फाचा माणूस. 'फार्म'च्या पानावर लाल रंगाचे लाकडी कोठार. चार ऋतूंत पावसाळा नाही! मुंब्र्याच्या, मालेगावच्या, मिरजेच्या मुलाला जून महिना समजावायचा आणि त्यात पाऊस नसावा? घरात मूल दखनी बोलते, कोकणात असेल तर कोकणी, गल्लीत मराठी. त्याच्या तोंडातली ही भाषा पॅकेजला ठाऊकच नाही. ज्या भाषेत मूल भांडते, रडते, गोष्ट सांगते, त्याच भाषेत ते आधी वाचायला शिकले की बाकीच्या भाषा सोप्या जातात. उलट क्रमाने गेले की पोर इंग्रजी अक्षरांचे आवाज पोपटासारखे काढते आणि अर्थ विचारला की आईच्या तोंडाकडे बघते.

आणि जे काही खरोखर कामाचे आहे, ते आधीच फुकट पडलेले आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके मराठीत, उर्दूत आणि इतर भाषांत ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पैसे न देता उतरवून घेता येतात. मध्यंतरी तर बालभारतीनेच सगळे विषय एकत्र बांधून चार भागांत पुस्तके काढली होती. 'ऑल इन वन' म्हणतात ते आणखी वेगळे काय असते? 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर लहान मुलांची चित्रमय पुस्तके मराठीतही आहेत, उर्दूतही, आणि खुल्या परवान्याची, म्हणजे छापा, वाटा, कुणी अडवत नाही. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि रद्दी कागदातून विज्ञानाची खेळणी करायला शिकवले, आणि ते सगळे त्यांच्या साइटवर मोफत ठेवले. तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी एनसीईआरटीने २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' काढला. नावाप्रमाणे तोही डबाच, पण त्यातली कल्पना पाहून घरी तसेच सामान जमवता येते.

त्याच्याही कितीतरी आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. माँटेसोरीची परदेशी लाकडी साधने परवडत नव्हती, म्हणून या बायकांनी बिया, शिंपले, पाने, दगड घेऊन तेच शिक्षण उभे केले. मोजायला चिंचोके, लावायला शंख-शिंपले. आपल्या घरात चिंचोके नाहीत की राजमा नाही? कुराण-दुआचे म्हणाल तर मोहल्ल्याचे मक्तब आहे. सकाळी मक्तब, दुपारी शाळा, असेच आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या शिकल्या. नूरानी कायद्यासाठी गणिताचे पॅकेज सोबत विकत घ्यावे लागते, हे त्यांना सांगितले असते तर ते हसले असते.

आता मुख्य भांडण. पाठ्यपुस्तकावर आपली तक्रार आहे आणि ती रास्त आहे. धड्यांत आपल्या मुलांची नावे दिसत नाहीत, इतिहासात आपण एक तर आक्रमक नाही तर गायब. पण २०१९ ची गोष्ट आठवा. दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' म्हणायची पद्धत आली आणि अख्ख्या महाराष्ट्रात धुरळा उडाला. वर्तमानपत्रांत, विधिमंडळात, चहाच्या टपरीवर वाद झाले. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकरांना जाहीरपणे बाजू मांडावी लागली. (मला त्यांचे म्हणणे पटले होते, ते असो.) दुसरीच्या पुस्तकातल्या एका पानासाठी सरकारला उत्तर द्यावे लागले, कारण ते पुस्तक सगळ्यांचे आहे. डब्यातल्या पुस्तकात उद्या काही भलतेच निघाले तर कुठे जाणार? ग्राहक सेवेचा ईमेल. ज्या पुस्तकावर आपला नागरिक म्हणून हक्क आहे, त्याच्याशी भांडायचे सोडून आपण ग्राहक होऊन घरी बसायचे, आणि पुढच्या वेळी समितीत आपला माणूस का नाही म्हणून ओरडायचे. हे जमणार नाही.

मूल काढून घेतल्याचा फटका शेजाऱ्यालाही बसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना ३ असा हिशेब आहे. उर्दू शाळेतून चार घरांनी चार मुले उचलून डबे मागवले, तर उरलेल्या मुलांचा एक शिक्षक जाऊ शकतो. मग आपणच म्हणतो, त्या शाळेत शिक्षक आहेतच कुठे?

कायद्याचेही थोडे. सहा वर्षांच्या आत सक्ती कशाचीच नाही. तेव्हा मुलाला गोष्टी, माती, पाणी, कात्री, आणि सगळ्यात आधी दुसरे मूल लागते. अभ्यासक्रम लागत नाही, मग विकत कशाला घ्यायचा? ६ ते १४ वयासाठी २००९ चा कायदा. त्यात घरशिक्षण हा शब्दच नाही. कलम १० मुलाला शेजारच्या शाळेत घालणे पालकाचे कर्तव्य ठरवते, न घातल्यास शिक्षा मात्र सांगत नाही. म्हणून पॅकेजवाले 'पूर्णपणे कायदेशीर' असे ठोकून देतात. त्याच कायद्यात मुलाच्या बाजूचे काय आहे ते सांगत नाहीत. खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा मोफत. बापाकडे बागवान, मोमीन, तांबोळी, अत्तार अशा ओबीसी जातीचा दाखला असेल तर महाराष्ट्रात या जागांसाठी उत्पन्नाची अट लागत नाही. आपल्यातल्या किती जणांनी हा दाखला काढला? फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. त्या लढाईत डबा मागवणारे नव्हते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या २५ टक्क्यांतून सुटल्या आणि आपल्याच संस्थाचालकांनी त्यावर सुटकेचा निःश्वास टाकला, यावर कधीतरी वेगळे लिहीन.

काही घरांना खरेच पर्याय नसतो. मूल आजारी किंवा विशेष गरजांचे असते, जवळची शाळा त्याला सांभाळत नाही. आखातात फी झेपत नाही म्हणून कोकणातली कुटुंबे एक-दोन वर्षे मुलांना घरीच शिकवतात. त्यांनी जरूर शिकवावे, पण पॅकेजशिवाय: आपल्या भाषेतली बालभारतीची पुस्तके, स्टोरीवीव्हर, मोजायला चिंचोके, आणि आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी इतर मुलांबरोबर खेळ. परत आल्यावर डब्यासोबत मिळालेल्या चकचकीत प्रमाणपत्राची गरज नाही. कलम ४ नुसार शाळेत न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो, आणि कलम १५ नुसार वर्ष सुरू झाले म्हणून शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर नकार लेखी मागा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

एवढे वाचूनही डबा घ्यायचाच असेल, तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याला विचारा: पावसाळ्याचे पान कुठे आहे? शिकवणाऱ्या अम्मीचे ४०० तास कोणत्या रकान्यात धरले आहेत? आणि घरी अब्बूंना विचारा, मंगळवार आणि गुरुवारचा वर्ग ते घेणार का.