परकी भांडवल, स्वदेशीचा घोष आणि आपला हक्क



परदेशांशी होणारे मुक्त व्यापाराचे करार आणि देशात येणारे परकी भांडवल यांवरून राजकीय पक्षांत मोठी खडाजंगी चालते. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या कुटुंबांचे तिकडे क्वचितच लक्ष जाते. हा व्यापाऱ्यांचा व कारखानदारांचा मामला आहे, हातावर पोट असणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. ज्यांचे लक्ष जाते, ते बहुधा आपापल्या पक्षाची घोषणा उचलतात. एक पक्ष सांगतो की करार झाला म्हणजे घरोघर सुबत्ता येईल. दुसरा सांगतो की करार झाला म्हणजे देश विकला गेला. या दोन्ही घोषणा बाजूला सारून हा प्रश्न आपण आपल्या बाजूने तपासला पाहिजे. कारण तो आपल्या मुलाबाळांच्या भाकरीचा आणि हक्काचा प्रश्न आहे.

प्रथम पक्षांचे वर्तन पाहा. दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाचा करार महाराष्ट्रात काँग्रेसच्या राजवटीत झाला. तो प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू, अशी गर्जना करून शिवसेना-भाजप युतीने १९९५ सालची निवडणूक लढवली. सत्तेवर येताच युतीने तो रद्द केला आणि पुढच्याच वर्षी फेरवाटाघाटी करून दुसऱ्या टप्प्यासह मान्य केला. ती महाग वीज राज्याच्या वीज मंडळाला परवडेना आणि २००१ साली प्रकल्प बंद पडला. विमा व्यवसायातील परकी भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून ४९ टक्के करण्याचे विधेयक काँग्रेसप्रणीत सरकारने २००८ साली आणले, तेव्हा भाजपचा त्याला विरोध होता. त्याच भाजपने २०१५ साली ती ४९ टक्के केली. पुढे २०२१ साली ती ७४ टक्के करताना विरोधाचे निशाण काँग्रेसच्या हाती होते. किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी भांडवलास २०१२ साली काँग्रेस सरकारने परवानगी दिली, त्या वेळी भाजपने देश डोक्यावर घेतला. आशियातील व्यापक व्यापारकराराची बोलणी काँग्रेसच्या राजवटीत सुरू झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये भाजप सरकारने त्या करारातून अंग काढून घेतले, तेव्हा त्याचे श्रेय दोन्ही पक्षांनी मागितले. यावरून काय दिसते? जो सत्तेवर असतो त्याला परकी भांडवल गोड लागते आणि जो बाहेर असतो त्याला ते कडू लागते. अशा चवीवर आपण आपले मत ठरवावे काय?

तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मान्य करू नका. त्यातून हित होते की अहित, हे स्वतः पारखा, असा त्याचा आशय आहे. पूज्य बाबासाहेबांनी अर्थशास्त्राकडे याच दृष्टीने पाहिले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा भाव घसरला की निर्यात करणाऱ्यांचा फायदा होतो, म्हणून देशाचा फायदा होतो, असे त्या काळी सांगितले जाई. बाबासाहेबांनी हिशेब उलगडून दाखवला की किमती जितक्या लवकर वाढतात तितक्या लवकर मजुरी वाढत नाही. अर्थात व्यापाऱ्याचा तो नफा मजुराच्या खिशातून जातो. देशाचा फायदा म्हणजे देशातल्या कोणाचा फायदा, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. प्रत्येक कराराला आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे.

आता स्वदेशीचा घोष घ्या. परकी भांडवल वाईट आणि आपल्या शेठजींचे भांडवल चांगले, असे जे सांगतात, त्यांना मुंबईच्या गिरण्यांची आठवण द्यावी. त्या गिरण्यांचे मालक बहुतांशी देशीच होते. तरीही अधिक मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे, आणि तेवढ्याने सवर्ण कामगारांना विटाळ होई! हा अन्याय बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात वेशीवर टांगला. पुढे १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्यांतील भांडवलशाहीला त्यांनी देशी-परकी अशी सवलत दिली नाही.

शिवाय परका मनुष्य म्हणून त्याचा तिटकारा करावा, ही आपल्या धम्माची शिकवण नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने कोरलेली आहेत. कान्हेरीच्या लेण्यांना कल्याण व सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी हातभार लावला. समुद्रापलीकडचा व्यापार आपल्या पूर्वसूरींना निषिद्ध नव्हता. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे भगवंतांनी सांगितले. म्हणजे धम्माने व्यापाऱ्याचा देश पाहिला नाही, व्यापाराचा परिणाम पाहिला.

मग बाजार खुला झाला की जात आपोआप नाहीशी होईल, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणे खरे मानावे काय? तसेही नाही. येथे आपल्या समाजाचा एक कटू अनुभव नव्या पिढीने नीट समजून घ्यावा. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्यांना केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या. त्या परत मिळवण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षांनी दार उघडले, आणि लगेच पुढच्या वर्षी, जुलै १९९१ मध्ये, नवे औद्योगिक धोरण आले. सरकारी उद्योग आटोपते घ्यायचे आणि देशी-परकी खाजगी भांडवलाला वाट मोकळी करून द्यायची, असा त्याचा रोख होता. संविधानाच्या कलम १६(४) चे आरक्षण राज्यसंस्थेच्या नोकरीत आहे. खाजगी मालकाला ते बांधील करीत नाही. पाव तयार करणारा मॉडर्न फूड्स हा सरकारी उद्योग जानेवारी २००० मध्ये हिंदुस्थान लिव्हर या परकी मालकीच्या कंपनीकडे गेला. त्या दिवसापासून तेथील नव्या भरतीत आरक्षणाचे बंधन उरले नाही. आरक्षणाविरुद्ध कोणी एक शब्द उच्चारला नाही, कायद्याचे एक कलम बदलले नाही, आणि तरीही हक्क गेला!

परकी मालक जात मानत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु तो मालक दूरदेशी बसतो. अर्ज उघडणारा अधिकारी आणि फाटकावर मजूर निवडणारा मुकादम याच देशाचे असतात. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांकडे पाठवले. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जापेक्षा स्पष्टपणे कमी आढळली. काँग्रेसप्रणीत सरकारने २००४ साली खाजगी क्षेत्रातील आरक्षणाविषयी उद्योगपतींशी बोलणी करण्याचे अभिवचन दिले. त्यातून कायदा निघाला नाही. उद्योगपतींची ऐच्छिक आचारसंहिता तेवढी निघाली. पुढे आलेल्या भाजप सरकारनेही असा कायदा केला नाही. इतर बाबतींत एकमेकांवर तुटून पडणारे हे पक्ष येथे मात्र एकमताने स्वस्थ बसले.

२४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापारकरारावर सह्या झाल्या. भारतातून जाणाऱ्या चामड्याच्या वस्तू व पादत्राणे यांवरील तेथील जकात त्याने रद्द व्हावयाची आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. ही संधी खरी आहे आणि ती नाकारण्यात शहाणपण नाही. परंतु जकात उठल्याने वाचलेला पैसा तिकडच्या दुकानदाराकडे, इकडच्या निर्यातदाराकडे की चप्पल शिवणाऱ्या हातांकडे जाईल, हे करार ठरवत नाही. कारागिरांची सहकारी संस्था, त्यांना मिळणारे कर्ज आणि महामंडळाची दानत यांवर ते ठरेल. याच कराराने ब्रिटिश कंपन्यांना आपल्या केंद्र सरकारच्या खरेदीत प्रवेश दिला आहे. त्या खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी, असे धोरण २०१२ पासून आहे आणि ते उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरे राहिले आहे. नव्या गर्दीत आपल्या उद्योजकाची जागा राखली जाणार की त्याला आणखी मागे लोटले जाणार, याचा जाब आपल्या खासदाराला विचारलाच पाहिजे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आपल्या देशात असा करार मान्य करण्यासाठी संसदेची संमती घ्यावी लागत नाही. ही पद्धत बदलून प्रत्येक कराराचा मसुदा सहीपूर्वी लोकप्रतिनिधींपुढे आणि लोकांच्या भाषांत लोकांपुढे ठेवावा. ज्या कंपनीला सरकारी जमीन, करमाफी वा सवलतीची वीज मिळते, ती देशी असो वा परकी, तिच्या भरतीत आरक्षण कायद्याने बंधनकारक करावे. सरकारी उद्योग विकताना कामगारांच्या वेतनाबरोबर आरक्षणाची अटही खरेदीखतात लिहावी.

बंधुभगिनींनो, मत मागण्यास जो कोणी आपल्या वस्तीत येईल, त्याला या तीन गोष्टी विचारा आणि त्याने सत्तेवर असताना काय केले तेही विचारा. रविवारी विहारात वंदना झाल्यावर शिकलेल्या मुलामुलींकडून अशा कराराची माहिती मोठ्याने वाचवून घ्या आणि तिच्यावर चर्चा करा. भगिनींनी त्यात मागे राहू नये, कारण मिळकत आटली की तिची झळ चुलीला आधी लागते. बाबासाहेबांनी १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात बजावले होते की आर्थिक जीवन खाजगी मालकांच्या मर्जीवर सोडले तर गरिबाचे मूलभूत हक्क कागदावरच राहतात. तो इशारा आपण विसरता कामा नये.

जय भीम!