बर्फावरचे मेरिट

जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही पैठणला, एका वस्तीतल्या अभ्यासिकेत बसलो होतो. भरतीची तयारी करणारी पाच-सहा मुले होती. पुस्तके उघडी होती, पण सगळ्यांचे डोळे एकाच मोबाईलवर. आम्हाला वाटले, क्रिकेट असेल. पाहतो तर युरोपातल्या कुठल्याशा डोंगरावरून माणसे पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून खाली झेपावत होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाचे शंभरावे भाग पळत होते. नाथसागराच्या काठावर राहणाऱ्या या पोरांना बर्फाच्या शर्यतीचे काय वेड, असे आम्ही विचारले. त्यातला एकजण म्हणाला, "काका, इथं वशिला चालत नाही. घड्याळ सांगेल तोच पहिला."

हे सांगणारा मुलगा आदल्या वर्षी एका सरकारी भरतीत एका गुणाने यादीबाहेर राहिला होता. मैदानी चाचणीला पहाटे बोलावले आणि त्याचा क्रमांक आला भर दुपारी. तोवर शेकडो पायांनी मैदानाचा फुफाटा झाला होता. गार हवेत टणक जमिनीवर धावलेली मुले आणि उन्हात फुफाट्यात धावलेला हा, दोघांना घड्याळ एकच आणि यादीही एकच. त्याची कोणाबद्दल तक्रार नव्हती. "मीच कमी पडलो," एवढेच तो म्हणाला.

ते वाक्य आम्हाला टोचले. म्हणून ज्या खेळाला तो निर्भेळ गुणवत्तेचा खेळ समजतो, त्याचा हिशेब आम्ही नीट समजून घेतला. तो वाचकांपुढे ठेवतो.

अल्पाइन स्कीइंगचा विश्वचषक एका दिवसात ठरत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या सोल्डेनपासून मार्चपर्यंत, डोंगरामागून डोंगर, शर्यती होत राहतात. बहुतेक शर्यतींत पहिल्या तिसांना गुण मिळतात. पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ५०, असे उतरत उतरत तिसाव्याला १. एकतिसाव्याला शून्य! हंगामाच्या शेवटी बेरीज होते आणि ज्याची बेरीज मोठी त्याला स्फटिकाचा गोल मिळतो. स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमॅटने २०२३ साली २०४२ गुण मिळवून हर्मन मायरचा २००० सालचा २००० गुणांचा विक्रम मोडला. २०२२ ते २०२५ असे सलग चार हंगाम तो एकूण तक्त्यात पहिला राहिला.

या तक्त्यात शेवटच्या गुणालाही किंमत आहे. २००९ साली नॉर्वेच्या स्विंडालचे गुण झाले १००९ आणि ऑस्ट्रियाच्या बेंजामिन राइशचे १००७. फरक दोन गुणांचा. म्हणजे आख्ख्या हंगामात एकदा एकोणतिसावे येण्याएवढा! एका गुणाने घरी परतलेल्या आमच्या पैठणच्या पोराला हे समजावून सांगावे लागत नाही.

इथपर्यंत सारे चोख वाटते. पण तक्ता आकाशातून पडत नाही. तो माणसे बनवतात आणि काय मोजायचे हेही माणसेच ठरवतात. स्वीडनच्या टार्नाबी या छोट्या गावातला इंगेमार स्टेनमार्क १९७६, ७७ आणि ७८ असा तीन वर्षे एकूण तक्त्यात पहिला आला. त्याचे प्रभुत्व स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या दोन प्रकारांत होते. भरधाव वेगाच्या डाउनहिलच्या वाटेला तो सहसा जात नसे. मग नियम आवळले गेले. एका प्रकारातले मोजकेच निकाल एकूण बेरजेत धरायचे ठरले. १९७८-७९च्या हंगामात स्टेनमार्कने तब्बल तेरा शर्यती जिंकल्या. जायंट स्लॅलमच्या तर दहाच्या दहा! आणि एकूण तक्त्यात तो कितवा आला? पाचवा. पहिला आला स्वित्झर्लंडचा पीटर ल्युशर.

तो नियम अन्यायाचाच होता, असे आमचे म्हणणे नाही. सर्व प्रकारांत चालेल तोच खरा स्कीपटू, असेही कोणी म्हणू शकतो. आमचा मुद्दा एवढाच की, माणूस तोच, पाय तेच, वेगही तोच; मोजण्याची रीत बदलली आणि पहिल्याचा पाचवा झाला. तेव्हा 'आम्ही मेरिटवर आलो' असे छाती फुगवून सांगणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारावा. बाबा रे, तुझ्या परीक्षेत काय मोजायचे हे कोणी ठरवले? इंग्रजीचा उच्चार मोजला, की उसाच्या फडावर आईबापांबरोबर सहा महिने काढून पुन्हा शाळेत बसण्याची जिद्द मोजली?

आता खरी गंमत. बर्फ सगळ्यांना सारखा नसतो. पहिला गडी उतरतो तेव्हा उतार आरशासारखा गुळगुळीत असतो. वीस-पंचवीसजण जाईपर्यंत प्रत्येक वळणावर चाकोऱ्या पडतात. साठाव्याला तर खड्ड्यांतूनच वाट काढावी लागते. आणि आधी कोण उतरणार? ज्यांची आधीची कामगिरी चांगली ते. स्लॅलमसारख्या प्रकारांत मागच्या बारा महिन्यांच्या गुणांवरून जे पहिले सात, त्यांच्यातच पहिल्या सात क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकतात. म्हणजे ज्याने काल मिळवले त्याला आज चांगला बर्फ. चांगला बर्फ म्हणून पुन्हा गुण. आणि गुण म्हणून उद्या पुन्हा चांगला बर्फ! हे चक्र आपल्या ओळखीचे आहे की नाही? आजोबा शिकलेले म्हणून बाप शिकला, बाप शिकला म्हणून घरात पुस्तके, आणि पुस्तकांत वाढलेला नातू म्हणतो, मी स्वतःच्या बुद्धीवर आलो.

पण त्या खेळाच्या धुरीणांना हे कळते आणि ते मान्य करायला त्यांना लाज वाटत नाही. स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीतले पहिले तीस दुसऱ्या फेरीला पात्र ठरतात आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा होतो. तिसावा सर्वांत आधी उतरतो, कोऱ्या बर्फावरून. पहिल्या फेरीचा विजेता सर्वांत शेवटी, एकोणतीसजणांनी खणून ठेवलेल्या वाटेवरून. मग दोन्ही फेऱ्यांच्या वेळांची बेरीज होते. कित्येकदा विसावा-पंचविसावा गडी उसळी मारून वर येतो. कोणी ओरडत नाही की गुणवत्तेचा खून झाला. कोणी झाडू घेऊन रस्त्यावर उतरत नाही, बुटांना पॉलिश करून निषेध करत नाही. ओडरमॅटही निमूटपणे शेवटी उतरतो आणि जिंकायचे तेव्हा जिंकतो. वाट सर्वांची सारखी नव्हती हे मान्य केल्याने त्याचा गोल काही हलका होत नाही.

आपल्याकडे मात्र तिसाव्याला एकदा कोरी वाट दिली की, देश बुडाला म्हणून बोंब!

याच नियमाला दुसरीही बाजू आहे आणि ती आपल्या तरुणांनी ध्यानात घ्यावी. उलटा क्रम तिसांसाठी आहे. एकतिसाव्याला दुसरी फेरीच नाही. खड्ड्यांतून, चाकोऱ्यांतून आधी तिसांत यावे लागते. तेवढी मेहनत कोणताही नियम आपल्यासाठी करणार नाही.

तरीही डोंगरच नसेल तर मेहनत करायची कुठे? १९६७ साली हा विश्वचषक सुरू झाला. तेव्हापासून २०२५ पर्यंत पुरुषांच्या एकूण तक्त्यात आशिया, आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेचा एकही विजेता नाही. उलट लिख्टेनस्टाइन पाहा. या आख्ख्या देशाची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, साधारण आपल्या पैठण शहराएवढी. त्या देशाचा आंद्रेआस वेंझेल १९८० साली एकूण विजेता झाला. पैठणच्या पोरांच्या रक्तात काही कमी आहे काय? कमी आहे तो दाराशी असलेला उतार, शिकवणारा माणूस आणि सामानाला पैसा. ब्राझीलच्या झेंड्याखाली उतरणाऱ्या लुकास पिन्हेरो ब्राथेनने नोव्हेंबर २०२५ मध्ये फिनलंडमधल्या लेवीची स्लॅलम जिंकली. त्याची आई ब्राझीलची. पण तो जन्मला ओस्लोत आणि घडला नॉर्वेच्या बर्फावर. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. तोही गुलमर्गच्या उतारांवर वाढलेला. जिथे उतार, तिथेच खेळाडू.

आणि उतार मिळूनही तक्ता ज्याला तारू शकला नाही, असा एक माणूस आपल्याच मातीत होऊन गेला. पळवणकर बाळू. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता तो गोलंदाज झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ हरत राहिला आणि चर्मकार समाजातल्या बाळूने त्या हंगामात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. हंगामाचा तक्ता त्याच्या बाजूने साक्ष देत होता. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ज्या संघाला तो सामने जिंकून देत होता, त्या संघात एकेकाळी त्याचा चहा वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात. १९२० साली त्याच्या भावांनी या अपमानाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कुठे व्यवस्था हलली आणि १९२३ साली धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. आकडे होतेच, पण आकड्यांच्या पाठीशी माणसे उभी राहिली तेव्हा आकडे बोलू लागले.

पैठणला हा इतिहास नवा नाही. प्रमाणपत्र देण्याचा मक्ता असलेले हे गाव. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेल्या ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्र आणायला इथेच यावे लागले, अशी कथा सांगतात. ज्ञान होते, पण शिक्का दुसऱ्याच्या हातात होता. आज शिक्क्याच्या जागी यादी आली आहे. यादी बरी, तिच्यावर निदान आकडे तरी असतात आणि आकड्यांना जाब विचारता येतो.

म्हणून त्या मुलाला आम्ही सांगितले, तू कमी पडलास की नाही हे अजून ठरलेले नाही. तू कितव्या क्रमांकाला धावलास, किती वाजता धावलास, जमीन कशी होती, हे त्या यादीत कुठे लिहिले आहे? तालुक्याला धावण्याची पक्की धावपट्टी मागा. मोठ्या तुकड्यांच्या चाचण्या उन्हाच्या आधी संपवा म्हणून मागणी करा. धावण्याचा क्रम कसा ठरतो हे लेखी मागा. अर्ज करा, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. आणि पहाटेचे धावणे एक दिवसही चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही परतीच्या गाडीसाठी निघालो, तेव्हा धरणाकडच्या रस्त्याने ती पोरे धावत होती. सर्वांत मागे तोच होता. हात वर करून त्याने "जयभीम, काका" म्हटले आणि अंधारात पुढच्यांना गाठायला निघून गेला.