पावतीवर न लिहिलेल्या चार गोष्टी

जालना एमआयडीसीतून सळईचा ट्रक बाहेर काढायचा तर नुसता वजनकाटा करून भागत नाही. एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइसही. दोन्ही निघतात ऑनलाइन. ऑफिसातले इंटरनेट गेले की भट्टी चालू, रोलिंग मिल चालू, माल भरलेला आणि ट्रक मात्र फाटकात उभा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एखादे बिल निघते हे खरे, पण काट्याचा संगणक, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि हजेरीचे यंत्र काही दिवसभर हॉटस्पॉटवर चालत नाहीत. म्हणून कुणीतरी चांगला महागाचा राउटर आणतो आणि जुन्या मोडेमला जोडतो. वायफाय फुल्ल दिसते, इंटरनेटचा पत्ता नसतो. दुकानदार म्हणतो राउटर ठणठणीत आहे, केबलवाला म्हणतो लाइन ठणठणीत आहे. गंमत अशी, की बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात.

‘दोन डबे एकमेकांना चालत नाहीत’ असा निकाल मग दिला जातो. तो मला पटत नाही. आपण ज्याला सवयीने मोडेम म्हणतो तो आज बहुतेक ठिकाणी फायबरचा डबा असतो. तो फायबरचा असो की केबलचा, राउटरशी तो बोलतो इथरनेटच्या तारेने, आणि जुन्या-नव्याचे जमवून घेण्यात इथरनेटइतके समंजस तंत्र थोडेच असेल. १०० एमबीपीएसचे जुने पोर्ट आणि गिगाबिटचे नवे पोर्ट आपसात वेग ठरवून घेतात. अडते ते दुसरीकडे. पुष्कळ सेवादार ग्राहकाच्या यंत्राचा मॅक क्रमांक, म्हणजे त्याची जाळ्यातली ओळख, आपल्या नोंदीत बांधून ठेवतात, त्यामुळे नवा राउटर त्यांच्या लेखी अनोळखी पाहुणा ठरतो. केबल मोडेमचीही तीच खोड. आधी जोडलेले यंत्र तो लक्षात ठेवतो आणि वीज बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय नव्याला दारात घेत नाही. पीपीपीओई पद्धतीची जोडणी असेल तर युजरनेम-पासवर्ड लागतो, आणि तो जोडणी करणाऱ्या मुलाच्या डायरीत असतो. काही ठिकाणी व्हीलॅनचा, म्हणजे लाइनीवरच्या आभासी जाळ्याचा, क्रमांक भरल्याशिवाय राउटरने कितीही वेळ टाहो फोडला तरी पलीकडून उत्तर येत नाही. मोडेम स्वतःच राउटरचे काम करत असेल तर अनेकदा दोघेही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात, आणि एका घरात दोन कारभारी झाल्यावर जे होते तेच होते. त्यावर उपाय म्हणजे मोडेमला ब्रिज मोडवर टाकणे, म्हणजेच त्याचे राउटरचे काम बंद करणे. पण ती परवानगीही आतल्या पासवर्डमागे असते.

सेवादाराच्या नोंदीतला मॅक क्रमांक बदलायची सोय, युजरनेम-पासवर्ड, व्हीलॅन आणि ब्रिज मोड या चार गोष्टी आहेत. यातली एकही बाजारात विकत मिळत नाही. चारही जोडणीच्या दिवशीच्या पावतीवर दोन ओळींत मावतील, आणि त्या तिथे छापणे सेवादारांवर बंधनकारक असावे, एवढेच माझे म्हणणे. यंत्रांचे खरे दोषही असतात, नाही असे नाही. आठाऐवजी चारच तारा जोडलेली केबल असेल तर कितीही भारी राउटर १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. जुना कॅमेरा डब्ल्यूपीए३ ओळखत नाही किंवा ५ गिगाहर्ट्झ त्याला दिसतच नाही. पत्र्याच्या शेडमध्ये लहरी अडतात त्या वेगळ्याच. पण हे दोष ग्राहकाला किंवा त्याच्या इलेक्ट्रिशियनला स्वतः दुरुस्त करता येतात. वरच्या चारांपुढे मात्र त्याचे हात बांधलेले असतात.

यावर पहिला आक्षेप सेवादारांचा, आणि तो वजनदार आहे. ग्राहक सेटिंग बिघडवेल, तक्रार मात्र आमच्याकडे येईल. महिन्याच्या भाड्यावर कसेबसे चालणाऱ्या स्थानिक केबलवाल्याला एका फेरीचे पेट्रोलही हिशेबात धरावे लागते. पण आज तरी वेगळे काय होते? राउटर बदलला की फेरी होतेच, फक्त पासवर्ड टाकून यायला. दुसरा आक्षेप गैरवापराचा. एकाच खात्यावर चार ठिकाणी इंटरनेट चालू नये म्हणून मॅकची गाठ हवी. असू द्या की. ती ग्राहकाला फोनवरून किंवा ॲपमधून सोडवता आली म्हणजे झाले.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तोच सर्वांत जास्त पुढे केला जातो. डबा आमच्या ताब्यात असला तरच जाळे सुरक्षित, असे म्हणतात. २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे इंटरनेट कोलमडले, ते मिराई नावाच्या घुसखोर प्रणालीच्या एका अवताराने. तिने दार ठोठावले ते राउटरांची दुरून देखभाल करण्यासाठी ठेवलेल्या पोर्टवर, आणि बाधित राउटर कंपनीच्याच नावाने विकले जाणारे होते. ताबा कंपनीकडे असल्याने काही वाचले नाही. आणि माझी मागणी जगावेगळीही नाही. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून जर्मनीत ग्राहकाला आपल्या पसंतीचा राउटर, एवढेच काय मोडेमही, लावण्याचा हक्क कायद्याने मिळाला होता आणि जोडणीची माहिती न मागता देणे सेवादारांवर बंधनकारक झाले होते. अमेरिकेत तर १९६८ सालीच कार्टरफोनच्या निकालाने जाळ्याला इजा न करणारे परके यंत्र टेलिफोनच्या तारेला जोडण्याची वाट मोकळी केली.

फायबरचा डबा सेवादाराकडेच राहावा हे मला मान्य आहे. प्रकाशाची ताकद, सांधे, वळलेली तार हे त्याच्या माणसाचेच काम. मागणी आहे ती त्या डब्याच्या इथरनेट पोर्टानंतरच्या जागेची. ग्राहकाला मोकळीक देण्याची भीती नवी नाही. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ ला आली, तेव्हाही गोंधळ होईल असे सांगितले जात होते. दूरसंचार नियामक ट्रायने पावतीवर छापण्याचा हा नियम करेपर्यंत जालन्यातल्या उद्योजकाने एवढे करावे. नवी जोडणी घेताना, पैसे देण्याआधी, या चारही गोष्टी लिहून मागाव्यात आणि तो कागद मोडेमलाच चिकटवून ठेवावा. रात्रपाळीला ट्रक फाटकात अडला तर डायरीवाल्या मुलाचा फोन लागेलच असे नाही.