उंची पाहून खेळाडू ठरतो का?

उन्हाळी शिबिरं संपत आली की सक्करदऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या रांगेत एखादा सहा फुटांवरचा मुलगा आईवडिलांसोबत बसलेला दिसतो. त्याला ताप नसतो, खोकला नसतो. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तो फॉरवर्ड असतो, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, रिबाउंड घेणारा, उंचीमुळे निवडलेला. प्रश्न वडील विचारतात, "डॉक्टर, हा अजून किती वाढेल? पुढे प्रोफेशनल होण्यासारखा आहे का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी बऱ्यापैकी देऊ शकतो. दुसऱ्याचं उत्तर ज्यांचा तो धंदाच आहे त्यांनाही नीट देता येत नाही.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी 'ड्राफ्ट' होतो. संघ आळीपाळीने कॉलेजमधले आणि परदेशातले तरुण खेळाडू निवडतात. आपल्या आयपीएलच्या लिलावासारखंच, फक्त बोली नसते, नंबर असतो. त्याआधी खेळाडूंची उंची, हातांचा पसारा, उडी, ताकद सगळं मोजतात आणि डॉक्टर तपासतात. २००७ साली या तपासणीत टेक्सास विद्यापीठाचा केव्हिन ड्युरंट नावाचा सडपातळ फॉरवर्ड १८५ पौंडांचं, म्हणजे साधारण ८४ किलोंचं वजन बेंचवर झोपून एकदाही उचलू शकला नाही. पहिला नंबर गेला ओहायो स्टेटच्या ग्रेग ओडेनला. सात फुटांचा, भरदार अंगाचा सेंटर. निवड मूर्खपणाची नव्हती, तेव्हा अनेक जाणकारांनी तीच केली असती. पण पहिला हंगाम सुरू होण्याआधीच ओडेनच्या उजव्या गुडघ्याच्या कूर्चेवर शस्त्रक्रिया करावी लागली. एनबीएत एका हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. ओडेन अख्ख्या कारकिर्दीत १०५ सामने खेळला. दुसऱ्या नंबरवर गेलेला ड्युरंट २०१४ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

माझं मत यातूनच सांगतो. उंची आणि ताकदीचे आकडे मुलाला दारापर्यंत नेतात. आत तो किती वर्षं टिकेल हे गुडघे, हृदय, झोप आणि डोकं ठरवतं, आणि त्याकडे आईवडिलांचं लक्ष सगळ्यात कमी असतं.

आता उंचीचं गणित. आईची आणि वडिलांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि दोनने भागा. वडील १७२, आई १५८ असेल तर मुलाचा अंदाज साधारण १७१ ते १७२ येतो. त्यात आठ-नऊ सेंटिमीटर इकडे-तिकडे होऊ शकतं. एनबीएतला फॉरवर्ड बहुधा दोन मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असतो, एवढं लक्षात ठेवून घरीच हिशेब करा. अधिक नेमकं हवं असेल तर डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहता येतं. बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या क्रिकेटपटूंचं वय पडताळायला हीच पद्धत वापरते. हाडांच्या टोकांच्या वाढपट्ट्या एकदा बंद झाल्या की उंची वाढत नाही. मुलांमध्ये हे साधारण सोळा ते अठराच्या दरम्यान होतं, मुलींमध्ये त्याच्या एक-दोन वर्षं आधी. त्यानंतर ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन, पावडर, लटकण्याचे व्यायाम, कशानेही इंचभर फरक पडत नाही. इंजेक्शनने साखर मात्र वाढू शकते. एकोणीस वर्षांच्या मुलासाठी हे इंजेक्शन लिहून द्या म्हणून माझ्याकडे आग्रह धरणारे पालक आहेत. मी लिहीत नाही.

यातली खरी फसगत वेगळीच आहे. ज्याची वयात येण्याची प्रक्रिया लवकर सुरू होते तो मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षी सगळ्यांपेक्षा उंच आणि दांडगा दिसतो. कोच खूश, आई खूश. अठराव्या वर्षी बाकीची पोट्टी त्याच्या बरोबरीला येतात, आणि आजवर उंचीवर खेळलेला हा मुलगा ड्रिबलिंग शिकलेलाच नसतो. उलट उशिरा वाढणारा मुलगा बेंचवर बसून कंटाळून खेळ सोडून देतो. पंधराव्या वर्षीची निवड ही पुष्कळदा कोण आधी वाढला याची निवड असते.

खेळ बदलून आपल्याच भागातलं उदाहरण पाहा. उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, वडील कोळसा खाणीत कामाला. पोलीस भरतीचा प्रयत्न करून झालेला. लेदर बॉलने रीतसर क्रिकेट खेळायला लागला तेव्हा तो विशीच्या आसपास होता. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, २०११ मध्ये भारताकडून कसोटी, २०१५ च्या विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक १८ बळी. पंधराव्या वर्षीच्या कुठल्या निवड शिबिरात तो दिसला असता? शिवाय डॉक्टर म्हणून मला आणखी एक गोष्ट जाणवते. वाढत्या वयात कंबरेच्या मणक्यावर रोज शेकडो चेंडूंचा मार बसला की तिथे बारीक फ्रॅक्चर होण्याचा धोका वाढतो. उशिरा सुरुवात झाल्याने उमेशचा फायदाच झाला असावा, असा माझा अंदाज आहे. सिद्ध करता येणार नाही.

हृदयाबद्दल मात्र अंदाजावर काम चालत नाही. हँक गॅदर्स हा लॉस एंजेलिसच्या लोयोला मॅरीमाउंट विद्यापीठाचा फॉरवर्ड. एका हंगामात त्याने अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंमध्ये सर्वाधिक गुण आणि सर्वाधिक रिबाउंड दोन्ही मिळवले होते. ड्राफ्टमध्ये वरच्या नंबरवर जाईल असं बोललं जात होतं. डिसेंबर १९८९ मध्ये तो सामन्यात चक्कर येऊन पडला. हृदयाचे ठोके अनियमित निघाले, गोळी सुरू झाली. गोळीने अंग जड होतं, खेळ मंदावतो, म्हणून डोस कमी झाला. ४ मार्च १९९० रोजी तो कोर्टवर कोसळला आणि गेला. वय २३. त्याला हृदयाच्या स्नायूचा आजार होता.

म्हणून हे नीट वाचा. खेळताना, पळताना मूर्च्छा आली असेल, छातीत दुखत असेल, घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, तर पुढच्या सामन्याआधी ईसीजी आणि टूडी इको झालाच पाहिजे. सामना महत्त्वाचा आहे, नंतर बघू, हे चालणार नाही. खूप उंच, लांबसडक हातापायांच्या मुलांत मार्फान सिंड्रोमही आठवावा लागतो. त्यात हृदयातून निघणारी महाधमनी फुगत जाते. बेलर विद्यापीठाच्या आयझाया ऑस्टिनला २०१४ च्या ड्राफ्टच्या काही दिवस आधी हेच निदान झालं आणि त्याचं नाव यादीतून निघालं. निवड करणाऱ्यांना आवडणारे लांब हातच इथे धोक्याची खूण असू शकतात. नुसते हात लांब म्हणजे आजार नव्हे, घाबरू नका. तपासून घ्या.

भारताकडून ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला खेळाडू पंजाबचा सतनाम सिंग. सात फूट दोन इंच. चौदाव्या वर्षी फ्लोरिडातल्या अकादमीत गेला, २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या नंबरवर घेतलं. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. पुढे हायजेनामाइन या बंदी असलेल्या द्रव्यामुळे नाडाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. हे द्रव्य काही वनस्पतींत असतं आणि व्यायामाआधी घ्यायच्या सप्लिमेंटच्या डब्यांतही सापडतं. जिममधल्या मित्राने दिलेला डबा उघडण्याआधी हे आठवा. 'नॅचरल' लिहिलं म्हणून डोप टेस्ट माफ करत नाही.

मुलगी असेल तर आणखी एक विचारतो, पाळी नियमित येते का? मैदानावर भरपूर घाम, ताटात दोन पोळ्या, आणि तीन महिने पाळी नाही, हे दमदार सरावाचं लक्षण समजू नका. हाडं कच्ची होत असतात, पायाच्या नळीत फ्रॅक्चर होईपर्यंत कळत नाही.

मग माझ्याकडे आलात तर मी काय पाहीन? गेल्या दोन वर्षांत दुखापतीमुळे किती सामने बुडले. घोटा एकदा मुरगळला की पुन्हा पुन्हा त्याच बाजूला मुरगळतो का. वाटीखाली दुखतं म्हणून सामन्याआधी डायक्लोफेनॅक घेऊन उतरतो का. नागपूरच्या मे महिन्यात अंगातलं पाणी आटलेलं असताना ही गोळी किडनीला महागात पडू शकते. आणि रात्री किती वाजता झोपतो, हे मी मुलाला नाही, आईला विचारतो.

व्यवसाय म्हणून बास्केटबॉल आपल्याकडे अजून स्थिरावलेला नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये 'पुणे पेशवे' नावाचा संघ होता, ती लीग २०१७ मध्ये थांबली. म्हणून मुलाचा खेळ बंद करा असं मी म्हणत नाही. पदवीच्या परीक्षेचा फॉर्म वेळेवर भरा एवढंच म्हणतो. ओडेनला करार मिळाला होता, आपल्या मुलाला बहुतेक रेल्वेची किंवा पोलिसांची खेळाडू कोट्यातली जागा मिळवायची असते, आणि तिथे मार्कशीट लागते.

येताना जुने एक्स-रे, गेल्या वर्षीचे रिपोर्ट आणि घरात असेल तो प्रोटीनचा डबा सोबत आणा. मुलालाही आणा. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ फक्त मोबाइलमधला व्हिडिओ घेऊन आले होते.