सहा गठ्ठ्यांमागचे समाधान

नवी मुंबईच्या उभारणीसाठी पनवेल, उरण आणि ठाणे या तालुक्यांतील 95 गावांची जमीन संपादित झाली, तेव्हापासून पनवेल परिसरातील असंख्य कुटुंबांचा हक्क शेताच्या बांधावरून दप्तरात आला. भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे कोणाची किती जमीन गेली व तिचा मोबदला किती ठरला हे सांगणारा आदेश, जुना सातबारा आणि वारसांची नोंद घेणारा फेरफार, यांपैकी एक कागद सापडला नाही तरी नातवंडांचा दावा अडतो. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील 1984 च्या लढ्यातील आंदोलकांच्या हौतात्म्यामुळे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाची वाट मोकळी झाली, हे सर्वज्ञात आहे. तो भूखंड एखाद्या घरापर्यंत पोहोचावा म्हणून अभिलेख कक्षात जीर्ण कागद शोधणाऱ्या लिपिकाचे नाव मात्र कोठेही येत नाही.

कारकुनी म्हणजे रटाळ काम, हा समज या कामाला न्याय देत नाही. महाराष्ट्रातील कार्यालयांत रूढ असलेल्या सहा गठ्ठे पद्धतीत कार्यवाहीची प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद वेगवेगळे बांधले जातात. ‘अ’ वर्गातील अभिलेख कायम जपायचा असतो, ‘ड’ वर्गातील एका वर्षाने नष्ट करता येतो. म्हणून एखादा कागद कोणत्या वर्गात घालायचा, हे ठरवताना लिपिक पुढच्या पिढीच्या पुराव्याचेच भवितव्य ठरवत असतो. ही जाण ज्याला आली, त्याचे समाधान पदोन्नतीवर अवलंबून राहत नाही, आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्याची कारकीर्द नायब तहसीलदार झालेल्याच्या कारकिर्दीपेक्षा उणी मानण्याचे कारण उरत नाही.

एकाही कर्मचाऱ्याकडे नस्ती, म्हणजे प्रकरणाची फाईल, सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे 2005 चा बदल्या व विलंबविषयक अधिनियम सांगतो. हा दंडक योग्यच आहे, परंतु तो पाळण्याइतके मनुष्यबळ टेबलावर नसेल, तर निष्ठावान माणसाच्या वाट्यालाही केवळ अपराधीपणा येतो.

याहून मोठी हानी निवृत्तीच्या दिवशी होते. कोणत्या गावचा निवाडा कोणत्या कपाटात आहे, हे जाणणारा लिपिक कार्यभाराच्या यादीवर सही करून निघून जातो आणि ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते. त्यामुळे निवृत्तीपूर्वीचे किमान सहा महिने त्याच्या संकलनावर, म्हणजे त्याच्याकडील विषयांच्या टेबलावर, नवा महसूल सहायक, म्हणजे नवा लिपिक, त्याच्या हाताखाली बसवण्याची तरतूद शासनाने करावी.