एवढीशी सर्क्लिप!

तर झालं असं, ऑनसाइटला उत्रेख्तमध्ये घेतलेली सेकंडहँड सायकल समोरच्या वाऱ्यात जाम जड जायची. दुकानदार म्हणाला, हबच बदला. स्टर्मी-आर्चरचा तीन स्पीडचा धडधाकट हब, का बदलू? गिअर सगळे आत, बाहेर एकच स्प्रॉकेट, तेही एका सर्क्लिपवर अडकलेलं. १८ दात्यांचं काढून २० चं लावलं, चाक जरा पुढे घेतलं. तिन्ही गिअर १० टक्के हलके! सर्क्लिप काढताना वर फडकं धरा हं, टुणकन उडते. स्प्रॉकेट बशीसारखं खोलगट असतं. मी उलटं बसवलं, चेन तिरकी धावायला लागली, पुन्हा सगळं उघडलं.

मेकॅनिकलची डिग्री घेऊन चार वर्षं कोड बडवतोय. पान्याला हात लावायची भीती वाटली, ते मात्र लागलं.